नदीला गट नंबर नसतो

केडगाव चौफुल्याहून न्हावऱ्याच्या रस्त्याने शिरूरकडे निघालं की पारगावला भीमा ओलांडावी लागते. तिथून जवळच वाळकी आणि रांजणगाव सांडसच्या मधे मुळा-मुठा भीमेला मिळते. अलीकडचा काठ दौंड तालुक्यात, पलीकडचा शिरूरमध्ये. उन्हाळ्याच्या तोंडाला संगमावर उभं राहिलं तर दोन पाणी वेगळी ओळखू येतात. पुण्याकडून येणारं काळपट, वर फेस घेऊन आलेलं, काठाला जलपर्णीची झालर लावलेलं. भीमेचं त्यातल्या त्यात हिरवट. मी गेलो त्या दिवशी ट्रकच्या ट्यूबवर बसून एक म्हातारबा जाळं काढत होते. जाळ्यात चार चिलाप्या होत्या आणि गुटख्याच्या पुड्यांची एक माळ.

या पाण्याबद्दल मी वाचलं होतं ते लंडनमध्ये छापलेलं. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी. १८२४ साली मुंबई सरकारने त्याला दख्खनचा ‘स्टॅटिस्टिकल रिपोर्टर’ नेमलं. पेशवाई बुडून तेव्हा जेमतेम सहा वर्षं झाली होती. कोरेगावला लढलेली स्टाँटनची पलटण ज्या शिरूरच्या छावणीतून ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री निघाली, ती छावणी अजून ताजी होती. नव्या मुलखात काय काय आहे हे सरकारला कळायला हवं होतं, आणि साइक्सला मोजण्या-नोंदण्याचं वेडच होतं. पाऊस, पिकं, वजनमापं, पाखरं, फुलपाखरं, जमिनीची वतनं, सगळं त्याने लिहून काढलं. वतनांवरचा त्याचा लेख १८३५ चा आहे. दख्खनच्या माशांवरचा निबंध त्याने १८३८ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे ठेवला. त्याचा गोषवारा १८३९ मध्ये आणि सविस्तर लेख १८४१ मध्ये छापून आला.

हा निबंध मराठी माणसाने एकदा तरी बघावा, कारण त्यातली लॅटिन नावं मराठी आहेत. ‘सींगटी’ म्हणजे आपली शिंगटी. ‘कोलस’ म्हणजे कोळीस. ‘बोगट’, ‘पोटेल’, ‘वत्तना’, ‘सँडखोल’ ही नावंही त्याने इथेच कुणाच्या तरी तोंडून ऐकली आणि कानाला लागली तशी रोमन लिपीत उतरवली. मोठ्या खवल्यांचा महासीर त्याला पुण्याच्या पूर्वेला सातआठ मैलांवर मुळा-मुठेत मिळाला. त्याचं नाव ठेवलं ‘खुद्री’. घोड नदीतला दुसरा एक दांडगा मासा झाला ‘मुसुल्ला’. शिरूरला अजूनही अनेक जण घोडनदी म्हणतात, गावाची ओळखच ती नदी आहे. तिच्या एका माशाचं नाव १८३९ पासून जगभरच्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत आहे, हे गावात फारसं कुणाला माहीत नसावं.

साइक्सने काही माशांना मित्रांची नावंही दिली. यारेल, चिल्ड्रन, ऑगिल्बी, व्हिगर्स अशी लंडनची मंडळी भीमेच्या खोऱ्यातल्या माशांना चिकटून अमर झाली. मासा पकडून साहेबापुढे आणून टाकणाऱ्या भोयाच्या किंवा कोळ्याच्या वाट्याला मात्र एकही मासा आला नाही. साइक्सला त्यासाठी दोष देण्यात अर्थ नाही, त्याच्या काळाची ती रीत होती. पण पुढच्या पावणेदोनशे वर्षांत सरकारदरबारी जे होत गेलं, ते याच धर्तीवर: माशाची नोंद झाली, मासेवाल्याची राहिली.

इथला भोई पालखी वाहायचा आणि मासे धरायचा. मेणे-पालख्या गेल्या. १८५८ मध्ये पुण्याहून आगगाडी दौंडवरून डिकसळपर्यंत पोचली, तेव्हा खांद्यावरचं काम संपलंच आणि नदी तेवढी उरली. कोणत्या डोहात कुणी जाळं टाकायचं, हे गावात ठरलेलं असे. पण ते कुठल्याच कागदावर नव्हतं. जमिनीचं तसं नव्हतं. इनाम कमिशनने वतनाचा कागद न् कागद तपासला, मोजणीखात्याने बांध न् बांध मोजला. मोजणीच्या नकाशावर नदी आली ती दोन गावांच्या मधला कोरा पट्टा म्हणून. तिला ना सर्व्हे नंबर, ना पुढे गट नंबर. १८७९ च्या जमीन महसूल कायद्याने नद्या, नाले, तळी, वाहतं-साचलेलं पाणी सरकारच्या मालकीचं ठरवलं, ज्याचा हक्क शाबीत असेल तेवढा वगळून. आता डोहावरचा हक्क भोयाने शाबीत करायचा कशावर? सातबारा नाही, सनद नाही, आजोबा सांगायचे एवढाच पुरावा.

सरकारला माशांची काळजी नव्हती असं नाही. फ्रान्सिस डे या लष्करी डॉक्टरने १८७३ मध्ये हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातल्या गोड्या पाण्याच्या मासेमारीवर अहवाल दिला. बारीक आसाची जाळी, अंडी घालायला निघालेल्या माशांची कत्तल, बंधाऱ्यांनी अडवलेल्या वाटा, या सगळ्याबद्दल त्याने लिहिलं. पहिल्या पावसात मासा उलटा चढतो, त्याला आपल्याकडे चढणीचे मासे म्हणतात. तो धरायला सगळा गाव नदीवर लोटतो, आणि पोटात अंडी असलेलाच मासा नेमका सापडतो. डे याचं म्हणणं, बंधाऱ्यात माशाला वर जायला वाट ठेवा. चोवीस वर्षांनी, १८९७ मध्ये, मासेमारीचा कायदा झाला. सुरुंगाची दारू आणि विष घालून मासे मारायला बंदी आली. जाळ्याचा आस किती असावा, बांध कसा घालू नये, एखादं पाणी दोन वर्षांपर्यंत मासेमारीला बंद कसं ठेवावं, याचे नियम करायचे अधिकार सरकारला मिळाले. कायदा चांगलाच होता. त्यात सगळं होतं, मासे धरण्याचा हक्क कुणाचा हे सोडून.

इथे थोडं लांब जातो. अमेरिकेच्या वायव्य टोकाला, आजच्या वॉशिंग्टन राज्यात, १८५४-५५ साली आयझॅक स्टीव्हन्स नावाच्या गव्हर्नरने तिथल्या आदिवासी जमातींशी तह केले. लाखो एकर जमीन लिहून घेतली. बदल्यात जमातींनी एक गोष्ट सोडली नाही: आपल्या जुन्या जागी मासे धरण्याचा हक्क, इतर नागरिकांसह समाईक. मासा म्हणजे सालमन. (आपल्या हॉटेलांत रावसाला इंडियन सालमन म्हणतात, त्याचा या माशाशी काही संबंध नाही.) हा समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला जन्माच्या ओढ्यात परत येतो. शंभर वर्षं तहाचं ते कलम कुणी मानलं नाही. नदीत जाळं टाकलं म्हणून आदिवासींना पकडत राहिले. निस्क्वाली जमातीचे बिली फ्रँक १९४५ साली पहिल्यांदा पकडले गेले तेव्हा चौदा वर्षांचे होते, आणि पुढे त्यांना पन्नासांहून अधिक वेळा अटक झाली. शेवटी १२ फेब्रुवारी १९७४ रोजी जॉर्ज बोल्ट या न्यायाधीशाने निकाल दिला. समाईक म्हणजे काय? तर निम्मं. धरता येण्याजोग्या सालमनपैकी निम्मा वाटा जमातींचा. १९७९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला.

निकालाने मासे वाढले नाहीत, वाद मात्र पुष्कळ वाढले. पण एक झालं. निम्मे द्यायचे तर आधी मोजायला हवेत. त्यामुळे राज्य आणि जमाती दरवर्षी एकत्र बसून हिशोब करू लागले: कोणत्या नदीत किती मासे परतले, किती धरायचे, किती वर जाऊ द्यायचे. १९९९ मध्ये पुजेट साउंडचा चिनुक सालमन धोक्यातली जात ठरल्यावर मासेमारीच्या आराखड्याचंच पर्यावरणीय परीक्षण होऊ लागलं. कारखान्याचं किंवा धरणाचं नव्हे, खुद्द मासेमारीचं. इतके धरले तर नदीचं काय, जमातीच्या चुलीचं काय, आणि मुळीच धरले नाहीत तर काय, असे पर्याय मांडून. पुढे जमाती म्हणाल्या, मासे धरायचा हक्क दिलात पण रस्त्याखालच्या मोऱ्यांतून मासाच वर येत नसेल तर हक्काला काय करायचं? न्यायालयाने राज्याला मोऱ्या दुरुस्त करायला सांगितलं. ते प्रकरण २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलं, न्यायमूर्ती चार-चार असे सारखे वाटले गेले, आणि खालचा हुकूम टिकला. एका कागदावरच्या काही शब्दांतून हे सगळं निघालं. भीमेकाठी ते शब्द कुणी लिहिलेच नव्हते.

आपल्याकडे धरणं झाली. दौंड-शिरूरच्या वरच्या अंगाला कुठल्याही नदीचं नाव घ्या, तिच्यावर धरण आहे. मुठेवर खडकवासला, भीमेवर चासकमान, पवनेवर पवना, कुकडीच्या खोऱ्यात येडगाव, माणिकडोह, वडज. घोडेवर वर डिंभे आणि खाली शिरूरजवळ चिंचणीला घोड धरण. यांतल्या एकालाही माशांची शिडी असल्याचं माझ्या पाहण्यात नाही. त्या मानाने खालचे कोल्हापुरी बंधारे माशाला कमी जाचक. पावसाळ्याआधी ढापे काढतात आणि पाणी मोकळं वाहतं. अर्थात काढले तर. एका बंधाऱ्यावर भर श्रावणात अर्धे ढापे तसेच पाहिले आहेत, गंजून खाचेत अडकलेले.

घोडेच्या उगमाकडे, आंबेगाव तालुक्यात, एक गोष्ट वेगळी घडली. डिंभे धरणाने महादेव कोळी आणि कातकऱ्यांच्या वाड्यावस्त्या उठल्या. तालुक्याला ज्याचं नाव आहे ते आंबेगावही पाण्याखाली गेलं. जलाशयाला तालुक्याच्याच मातीतल्या बाबू गेनूंचं नाव दिलं: हुतात्मा बाबू गेनू सागर. पाण्यापासून हाकेच्या अंतरावर वर सरकलेल्या माणसांना ना पुरेशी जमीन मिळाली, ना कालव्याचं पाणी. कालवे खाली जातात, शिरूरच्या उसाकडे. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीत पेरायचं आणि भरल्या पाण्यात मासे धरायचे, एवढंच त्यांच्या हाती होतं. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेच्या साथीने त्यांनी दोन्हींसाठी भांडायला सुरुवात केली. ज्यांना मासेमारी ठाऊक नव्हती त्या डोंगरातल्या माणसांना होडी वल्हवणं, जाळं विणणं शिकावं लागलं. अखेर डिंभ्याची मासेमारी आदिवासींच्या स्वतःच्या सहकारी संस्थेकडे आली. देशात याला आधार होता तो मध्य प्रदेशातल्या तवा धरणाचा. तिथल्या विस्थापितांच्या संघाला १९९६ मध्ये जलाशय मिळाला होता आणि दहा वर्षांनी तो काढूनही घेतला गेला. ठेका आणि हक्क यांत फरक आहे तो हाच. ठेक्याला मुदत असते.

खाली उजनीला तेवढंही जमलं नाही. यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते १९६६ मध्ये पायाभरणी झाली आणि १९८० मध्ये धरण पुरं झालं. भिंत सोलापूर जिल्ह्यात असली तरी फुगवटा इंदापूर, दौंड, कर्जत, करमाळ्यात पसरला. पुण्याहून ज्या डिकसळपर्यंत पहिली गाडी आली होती, तिथला जुना रेल्वेपूल त्या पाण्यात उभा राहिला. पळसदेवचं देऊळ बुडालं. दुष्काळाच्या वर्षी ते पुन्हा बाहेर येतं आणि वर्तमानपत्रांना फोटो मिळतो. उजनीची क्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यातलं ६३ टीएमसीपेक्षा जास्त पाणी मृतसाठा, म्हणजे वापरायच्या साठ्याहून न वापरायचा मोठा. त्यामुळे उजनीची टक्केवारी उणेमध्ये जाते, आणि काठावरचा कुणीही माणूस ‘उजनी मायनसमध्ये गेली’ हे पाऊस लांबला म्हटल्यासारखं सांगतो. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेली होती. हिशोब शेतकऱ्याचा, सोलापूरच्या नळांचा, साखर कारखान्यांचा. मृतसाठा हा शब्दही त्यांचाच आहे. माशांच्या बाजूने पाहिलं तर उन्हाळ्यात जिवंत राहायची जागा तेवढीच.

जमीन गेलेल्याला एकराने मोबदला मिळाला, कमी मिळाला, उशिरा मिळाला, पण मोजायला एकर तरी होता. वाळूतल्या कलिंगडाच्या वाड्या, डोह, उतार गेलेल्या भोयाचं मोजायचं काय? नव्या पाण्याचा विस्तार समुद्रासारखा. नदीत फेकजाळं टाकणाऱ्याला खोल पाण्यात लांबलचक जाळी लावता येईना, त्याला होडी लागली, होडीला पैसा लागला. तो व्यापाऱ्याकडून उचल म्हणून आला, आणि उचल घेतली की मासा त्याच आडतीवर.

भिगवणच्या मासळी बाजारात पहाटे गेलं की उजनीचा सगळा इतिहास क्रेटमध्ये रचलेला दिसतो. कटला, रोहू, मृगळ हे गंगेच्या खोऱ्यातले मासे, बीज आणून सोडलेले. मरळ, वाम आणि शिंगटी इथल्याच, भाव चढा, माल थोडा. आणि ढिगाने चिलापी. मूळची आफ्रिकेतली, भारतात १९५२ मध्ये आणली. पोरं तोंडात सांभाळते, घाण पाण्यात तगते, वर्षातून अनेकदा विते. पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठा, इंद्रायणीतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येतं, तिथे हिच्याइतका सुखी प्राणी दुसरा नाही. गरिबाच्या ताटात मासा आला तो हिच्यामुळे, हेही तितकंच खरं. चिलापीला नाक मुरडणाऱ्यांत मीही होतो. भिगवणला रस्त्याकडेच्या खानावळीत तिचं झणझणीत कालवण भाकरीबरोबर खाल्लं त्या दिवशी नाक सरळ झालं.

पण तिलाही पुरून उरेल असं वडाप आहे. बारीक आसाचं भलंमोठं जाळं लावून ओढायचं, बोटभर पिल्लांसकट तळ झाडून न्यायचा. उजनीकाठचे पिढीजात मच्छीमार त्याविरुद्ध वर्षानुवर्षं निवेदनं देत आले आहेत. आसाचा नियम करायचा अधिकार १८९७ चा आहे, विसरू नका. त्यात आणखी मांगूर. आफ्रिकन मांगूरच्या पैदाशीला २००० सालीच देशात बंदी आली, तरी इंदापूर-दौंडच्या कडेकडेने तळ्यांत तो वाढवला गेला, कोंबडीच्या कत्तलीतली घाण खाऊ घालून. अधूनमधून मत्स्य खातं येतं, तळी फोडतं, मासे पुरतं. पुराच्या पाण्याबरोबर जे निसटले ते नदीत.

आता साइक्सच्या त्या दोन माशांकडे परत. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या सुमारास महासीरची पैदास सुरू केली. महाराष्ट्राचे मत्स्यतज्ज्ञ सी. व्ही. कुळकर्णी यांचा त्यात मोठा वाटा. नदीतून नाहीसा होत चाललेला खुद्री हौदात वाचला, लाखोंनी वाढला. त्याची पिल्लं देशभर धाडली गेली, थेट कावेरीतही. कावेरीत आधीच एक महासीर होता, पाठीला कुबड असलेला, जगातल्या सर्वांत मोठ्या महासीरांपैकी एक. शिकारी लोक त्याच्यासाठी साता समुद्रापलीकडून यायचे. पुण्याच्या पाहुण्याने तिथे असा काही जम बसवला की कुबडवाला विरळ होत गेला. गंमत म्हणजे त्या कुबडवाल्याला इतकी वर्षं शास्त्रज्ञ हाक मारत होते ती मुसुल्ला या नावाने, घोड नदीतल्या माशाच्या उसन्या नावाने. खरा मुसुल्ला महासीर नाहीच, वेगळ्या वंशातला आहे, हे अलीकडे नक्की झालं. कावेरीचा राक्षस २०१८ मध्ये ‘टॉर रेमादेवी’ म्हणून ओळखला गेला आणि त्याच वर्षी नामशेषाच्या उंबरठ्यावरच्या यादीत गेला. खुद्री मात्र जागतिक यादीत धोक्यातून बाहेर काढला गेला. मासा वाचला, आपल्या नदीत नव्हे एवढंच. ज्या पट्ट्यात साइक्सला तो मिळाला होता, तिथे आज शहराचा मैला वाहतो.

वाळकीच्या संगमावर मी म्हातारबांना साइक्सची यादी वाचून दाखवली. ट्यूब काठाला ओढून ते चिलाप्या पाटीत टाकत होते. “बाबा, कोळीस?” “व्हता. आता न्हाई घावत.” “बोगट?” मान हलली, माहीत असल्याची. “वत्तना?” ते हसले आणि त्यांनी तोच शब्द असा काही उच्चारला की साहेबाचा कान कुठे चुकला ते मला कळलं, पण लिहून घ्यायला मलाही जमलं नाही. खुद्री म्हणून काही कळेना. मी हातांनी खवल्याचा आकार दाखवला, रुपयाएवढा. “आमच्या बापानं धरल्याला. मी न्हाई बघितला.”

“शिंगटी?”

त्यांनी उजव्या हाताचा अंगठा पुढे केला. बुडाशी जुना, पांढरा पडलेला वण होता. काटा शिरला की दोन दिवस हात सुजतो, म्हणाले. मग विचारलं, ही नावं त्या साहेबाला सांगितली कुणी?

म्हटलं, ते लिहिलेलं नाही.

“आमच्यातलाच असंल कोन तरी,” ते म्हणाले, आणि जाळ्यातून गुटख्याच्या पुड्या एकेक सोडवायला लागले.